ऑनलाइन ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांच्या मनातील भीती

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

ग्रंथालयाची भीती वाटते असे कोणी म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. सापाची, अंधाराची, परीक्षेची भीती वाटावी हे समजू शकते. पण ग्रंथालयाची भीती कसली? त्यातही आता ग्रंथालय आपल्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. तेथे कोणी रागावत नाही, कोणी पाहतही नाही. असे असताना गेल्या वर्षी सलग तीन आठवडे मी या ग्रंथालयापुढे अक्षरशः हात जोडून बसले होते. त्या तीन आठवड्यांचा विचार करताना लक्षात आले की ही भीती माझ्या एकटीची नाही आणि तिचा अभ्यास यापूर्वी थोरामोठ्यांनी केलेला आहे. त्या अभ्यासाची ओळख करून द्यावी आणि आपल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यात जे भर घालण्यासारखे आहे ते सांगावे, यासाठी हा लेख.

प्रसंग साधा आहे. इतिहासाच्या मॅडमनी प्रकल्पासाठी आपापल्या परिसरातील विषय निवडायला सांगितला होता. मी ‘दीनमित्र’ घेतला. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली हाती घेतलेले आणि पुढे अनेक वर्षे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालवलेले हे सत्यशोधक साप्ताहिक. तरवडी आमच्या गावापासून फार लांब नाही. वर्तमानपत्र म्हणजे पुण्या-मुंबईत निघते असेच आपण समजतो. ते आपल्या शेजारच्या खेड्यातून निघत होते याचा मला अभिमान वाटला होता. मॅडमनी अट घातली की किमान तीन संदर्भ ऑनलाइन ग्रंथालयातून शोधलेले असावेत. मी एका प्रबंधसंग्रहाच्या चौकटीत इंग्रजीत ‘दीनमित्र’ असे टाइप केले. उत्तर आले : शून्य. दुसऱ्या ठिकाणी टाकले. तेथेही शून्य. तिसऱ्या ठिकाणी हजारो निकाल आले, पण त्यांत ‘मित्र’ नावाचे लोक होते, औषधे होती, आणि काय काय होते ते मला समजले नाही.

त्या शून्याचा अर्थ मी काय लावला हे सांगणे महत्त्वाचे आहे. प्रथम वाटले, मला शोधता येत नाही. आणि मग वाटले, या विषयावर जगात कोणी काही लिहिलेलेच नाही. लिहिण्यासारखा तो असता तर लिहिले नसते का? म्हणजे यंत्राने एक आकडा दाखवला आणि मी स्वतःला, माझ्या विषयाला आणि तरवडीलाही नापास करून मोकळी झाले. विषय बदलून मागावा, असे एक पत्रही मी मॅडमना लिहिले होते. ते दिले नाही, एवढेच.

आणखी एक भीती होती, आणि ती सांगताना थोडा संकोच वाटतो. एक निबंध दिसला, त्यावर बोट ठेवले, तर डॉलरमधील किंमत समोर आली आणि खाली ‘खरेदी करा’ असे बटण. माझ्याकडे होता तो दादांचा मोबाइल. दादा म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. त्यांचे बँकेचे खाते त्याच मोबाइलला जोडलेले. चुकून बोट लागले आणि पैसे गेले तर? मी मोबाइल बंद करून ठेवला आणि दोन दिवस दादांना खात्यात किती शिल्लक आहे ते पाहायला सांगत राहिले. वास्तविक कार्डाचा क्रमांक किंवा गुप्तांक दिल्याखेरीज पैसे जात नाहीत. पण हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी या गोष्टी रोज चालतात त्यांना हा प्रश्न पडणार नाही. आमच्या घरी कॉलेजात जाणारी मी पहिली.

आता शास्त्राकडे वळू. अमेरिकेतील ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॉन्स्टन्स मेलन यांचा या विषयावरील निबंध १९८६ साली ‘कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील एका विद्यापीठात लेखनाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून ग्रंथालयात संदर्भ शोधतानाच्या दैनंदिन्या लिहून घेतल्या जात. दोन वर्षांत सहा हजार विद्यार्थ्यांचे लेखन जमले. शोधण्याची कौशल्ये कशी शिकवावीत हे मेलन यांना पाहायचे होते. हाती आले ते वेगळेच. प्रत्येक वर्गातील ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाचा पहिला अनुभव सांगताना भीतीचे शब्द वापरले होते. हरवल्यासारखे वाटले, असे अनेकांनी लिहिले होते. त्याची कारणे चार : ग्रंथालयाचा प्रचंड आकार, कोणती वस्तू कोठे आहे हे माहीत नसणे, सुरुवात कशी करावी हे न कळणे आणि पुढे काय करावे हे न कळणे. या अवस्थेला मेलन यांनी ‘ग्रंथालयचिंता’ या अर्थाचे नाव दिले आणि तेच आज रूढ आहे.

पण त्या निबंधातील मला सर्वांत पटलेला भाग याच्या पुढचा आहे. हे विद्यार्थी मदत का मागत नव्हते? मेलन सांगतात की प्रत्येकाची अशी समजूत होती की इतर सर्वांना हे येते, फक्त आपल्याला येत नाही. हे न येणे लाजिरवाणे आहे. आणि प्रश्न विचारला तर ही लाज उघडी पडेल. म्हणजे वर्गातील बहुतेक सर्वजण घाबरलेले आणि प्रत्येकजण स्वतःला एकटा समजणारा. हे वाचल्यावर मी वसतिगृहातील मैत्रिणींना विचारले. जी मैत्रीण लॅपटॉप उघडून झरझर बोटे चालवते आणि जिच्याकडे पाहून मी आणखी घाबरत असे, तिने सांगितले की ती पहिल्या पानावर जे येईल ते उतरवते आणि दुसरे पान कधी उघडत नाही. भीतीचे हे दुसरे रूप. मी काहीच घेत नव्हते, ती पहिले दिसेल ते घेत होती.

मेलन यांच्या विद्यार्थ्यांपुढे इमारत होती, कपाटे होती, टेबलामागे बसलेला माणूस होता. कोणी तासभर कपाटांमधून नुसता फिरत राहिला तर एखाद्या कर्मचाऱ्याच्या ते लक्षात येऊन ‘काय हवे?’ असे विचारण्याची शक्यता तरी होती. ऑनलाइन ग्रंथालयात आपण तीन आठवडे भटकलो तरी कोणाला पत्ता लागत नाही. कोणी पाहत नाही, ही जी सोय म्हणून सांगितली जाते, तीच मला अडचण वाटते. चूक कोणी पाहिली नाही म्हणून ती कोणी सुधारलीही नाही.

पुढे १९९२ साली शॅरन बॉस्टिक यांनी ही चिंता मोजण्यासाठी ४३ विधानांची एक मापनश्रेणी तयार केली. त्यांनी चिंतेचे पाच भाग मानले : कर्मचाऱ्यांविषयी वाटणारा दुरावा, स्वतःच्या कुवतीविषयी शंका, ग्रंथालयात अवघडल्यासारखे वाटणे, ग्रंथालयाची माहिती नसणे आणि यंत्रांची अडचण. त्या काळी यंत्रे म्हणजे झेरॉक्सची मशीन आणि तत्सम वस्तू. आता सारे ग्रंथालयच यंत्र झाले. त्यामुळे पुढील संशोधकांनी, उदाहरणार्थ २००४ साली व्हॅन कॅम्पेन यांनी, नव्या काळाला अनुसरून नव्या श्रेणी तयार केल्या. त्या सर्वांची चर्चा येथे करीत नाही. आकडेशास्त्र माझ्या अभ्यासक्रमात नाही.

कॅरोल कुल्थाऊ यांचे काम मात्र सांगितलेच पाहिजे. त्या मुळात शालेय ग्रंथपाल. त्यांनी आपल्यासमोरच्या मुलांना निबंधासाठी साहित्य शोधताना पाहिले आणि पुढे १९९१ साली शोधाच्या प्रक्रियेचे सहा टप्पे मांडले : काम मिळणे, विषय निवडणे, चाचपणी, विषयाला नेमका आकार येणे, साहित्य गोळा करणे आणि मांडणी. त्यांचे म्हणणे असे की माणसाचा आत्मविश्वास यात सरळ चढत जात नाही. विषय निवडला की हायसे वाटते. पण तिसऱ्या टप्प्यात, चाचपणी करताना, तो एकदम खाली येतो. गोंधळ, शंका, ‘हे आपल्याला जमणार नाही’ ही भावना याच टप्प्यावर येते आणि ती हुशार विद्यार्थ्यालाही येते. नवीन माहिती एकमेकींशी जुळत नाही म्हणून ती येते. हे मला आधी ठाऊक असते तर मॅडमना लिहिलेले ते पत्र मी लिहिले नसते. शेतात पेरणी झाल्यावर उगवण दिसेपर्यंतचे दिवस कोणालाच चैन पडू देत नाहीत, पण म्हणून कोणी रान मोडत नाही. आम्हाला मात्र तिसऱ्या टप्प्यावर रान मोडावेसे वाटते, कारण तो तिसरा टप्पा आहे हे कोणी सांगितलेले नसते.

येथपर्यंत जे लिहिले ते अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर आधारलेले आहे. त्यांची भाषा आणि ग्रंथालयाची भाषा एकच. आपली गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते आपल्या भीतीचे मोठे कारण येथेच सापडते.

विषय बदलण्याचे पत्र वहीत ठेवून मी शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथपाल सरांनी माझ्या शब्दाकडे पाहिले आणि विचारले, “स्पेलिंग किती प्रकारे करून पाहिलेस?” स्पेलिंगचे प्रकार असतात हेच मला माहीत नव्हते, शाळेत तर एका स्पेलिंगसाठी मार खाल्लेला. त्यांनी कागद घेतला आणि लिहू लागले. ‘डी’नंतर एकच ‘आय’ घालून एक ‘दीन’. ‘डी’नंतर दोन ‘ई’ घालून दुसरा. ‘दीन’ आणि ‘मित्र’ जोडून, मध्ये जागा सोडून, मध्ये आडवी रेघ घालून. आणि मग एक प्रकार असा लिहिला की मी तो स्वप्नातही लिहिला नसता : ‘दीन’मधल्या ‘न’नंतर एक ‘ए’. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आणि तेथील बहुतेक विद्यापीठांत आपली पुस्तके ज्या लिप्यंतर-पद्धतीने नोंदवतात, त्या पद्धतीत अक्षरातील ‘अ’ आपण बोलताना गिळला तरी लिहावा लागतो. त्यामुळे तेथील यादीत ‘विश्वकोश’ या शब्दाच्या शेवटीही ‘ए’ असतो, ‘श’साठी ‘एस’वर तिरकी रेघ असते आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. म्हणजे एका नावाची सात-आठ रूपे. मी त्यांतले एक टाइप केले होते आणि शून्य आल्यावर आपली लायकी काढून बसले होते.

हे एकदा कळल्यावर त्याची उदाहरणे जिकडेतिकडे दिसू लागली. महात्मा फुले यांचे नाव पाहा. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा; आणि इंग्रजीत ‘फुले’ हे ‘पी-एच’ने आणि क्वचित ‘एफ’ने. पुणे जुन्या नोंदींत ‘पूना’ म्हणून सापडते. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण त्यापूर्वीचे सारे गॅझेटिअर, अहवाल, प्रबंध ‘अहमदनगर’ या नावाखाली आहेत. नव्या नावाने शोधणाऱ्याला जिल्ह्याचा मागचा इतिहास कोरा वाटेल.

देवनागरीत शोधावे म्हटले तर तेथेही अडचण आहेच. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘गांव’ असे लिहिलेले असते. आपण ‘गाव’ शोधतो. यंत्राच्या दृष्टीने ‘गांव’ हा निराळा शब्द. शिवाय जुन्या ग्रंथांच्या कितीतरी प्रती म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. आपल्याला अक्षरे दिसतात, यंत्राला चित्र दिसते. त्या पानावर ‘दीनमित्र’ दहा वेळा छापलेले असले तरी शोधाचे उत्तर शून्यच येणार. ते पान डोळ्यांनीच वाचावे लागते. म्हणून आता माझे मत असे झाले आहे की ‘निकाल सापडला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘या अक्षरांनी, या यादीत सापडला नाही’ एवढाच घ्यावा. त्याहून एक शब्दही अधिक घेऊ नये.

सरांनी दुसरी गोष्ट शिकवली ती दोन छोट्या शब्दांची. दोन पर्यायांमध्ये मोठ्या लिपीत ‘ऑर’ घातला की यंत्र दोन्हींपैकी कोणतेही एक असलेले सारे आणते. ‘अँड’ घातला की दोन्ही एकत्र असतील तेच आणते. आणि अवतरणचिन्हांत घातलेले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. म्हणजे ‘दीनमित्र’ची सारी रूपे ‘ऑर’ने जोडून कंसात घालायची आणि पुढे ‘अँड सत्यशोधक’ लिहायचे. ‘मित्र’ आडनावाचे लोक आणि औषधे गेली. हे तर्कशास्त्र जॉर्ज बूल या गणितज्ञाचे. त्यांचा त्यावरचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा, म्हणजे विजेचा दिवाही घरात येण्यापूर्वीचा. शिकायला मला वीस मिनिटे लागली. तीन आठवडे आणि वीस मिनिटे, हे प्रमाण मी विसरू शकत नाही.

त्या पद्धतीने जे सापडले त्यात सर्वांत उपयोगी ठरले ते गेल ऑम्वेट यांचे पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील १९७६ सालचे पुस्तक. त्यात १८७३ पासूनच्या, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेपासूनच्या चळवळीचा इतिहास आहे आणि त्यात आमचे मुकुंदराव आहेत. शिवाय एक इंग्रजी निबंध मिळाला. त्याचा गोषवारा जेमतेम अर्ध्या पानाचा. तो समजून घ्यायला मला शब्दकोशासह पाऊण तास लागला. दुसऱ्या निबंधाला अर्धा तास लागला. इंग्रजीची भीती ही वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एवढे सांगते की गोषवारा आधी आणि शेवट त्यानंतर वाचला तर मधले निम्मे अवघड भाग वगळता येतात आणि त्यात पाप नाही.

आपल्याला उपलब्ध काय आहे, याचीही अनेकांना कल्पना नसते. ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० सालापासून कॉलेजांसाठी चालू आहे. कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपालांकडे नाव नोंदवून विद्यार्थ्यालाही स्वतःचे प्रवेशनाम मिळते आणि हजारो नियतकालिके घरून वाचता येतात. ज्या निबंधाला डॉलर मागत होते त्यासारखे पुष्कळ निबंध याच दारातून फुकट मिळतात; दार चुकले की दुकान लागते, एवढाच फरक. ‘शोधगंगा’वर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध प्रकरणवार वाचायला मिळतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याची नोंदणी विनामूल्य आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. सरकारी शिक्षणसंस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली असून तीत सुमारे तेरा हजार नियतकालिके येतात. दारे इतकी उघडली आहेत. आणि आम्ही उंबऱ्यावर.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे आहे. त्यांना पुस्तके नुसती कपाटात असणे पुरेसे वाटत नव्हते. वाचकाच्या शेजारी उभे राहून त्याला त्याचे पुस्तक मिळवून देणारा माणूस हवा, असा त्यांचा आग्रह होता. तो माणूस ऑनलाइन ग्रंथालयात कोठे उभा आहे? प्रथम वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयाचा एक तास होतो. त्यात आपल्याला ओळखपत्र, दंडाचे नियम आणि वाचनकक्षाची वेळ सांगतात. हे आवश्यक आहेच. पण त्याच तासाला प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव शोधून पाहावे, शून्य आले तर स्पेलिंग बदलून पुन्हा शोधावे, आणि हे सर्वांनी एकमेकांच्या देखत करावे, अशी माझी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे. सर्वांच्या पडद्यावर शून्य आलेले एकदा सर्वांनी पाहिले, की मेलन यांनी सांगितलेली ती लाज निम्मी तरी कमी होईल. आमच्या सरांनी यंदा संदर्भखोलीच्या दारावर एक वही टांगली आहे. कोणी नव्या स्पेलिंगने काही शोधून काढले की ते तीत लिहायचे. ‘दीनमित्र’चे पान माझ्या अक्षरात आहे. त्याखाली कोणीतरी ‘लावणी’ची पाच रूपे लिहिली आहेत, आणि कोणीतरी एका नटीचेही नाव लिहिले आहे. असो.

दिवाळीच्या सुटीत मी तो इंग्रजी निबंध छापून घरी नेला. दादांनी तो उलटसुलट करून पाहिला. पैसे पडले का, हे त्यांनी आधी विचारले. छपाईचे बारा रुपये, असे मी सांगितले. मग तरवडीचे नाव कोठे आहे ते दाखव म्हणाले. मी ओळीवर बोट ठेवले.

“नीट लिवलंय का बघ,” ते म्हणाले.

मी पाहिले. एक ‘ए’ जास्त होता.